उशिराच्या करडईला तेलाचा उतारा का पडत नाही? (ऊन, ओल आणि दाणा : सोलापूर)

घाण्याची_लाट | सोमवार, रात्री ९:४०

लाकडी घाण्यावर येणाऱ्या करडईबद्दल विचारायचंय. वाण एकच धरा, भीमा. रान मोहोळ-सोलापूर पट्ट्यातलं काळं, कोरडवाहू. उत्तरा-हस्त नक्षत्रांत (सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात) पेरलेला माल आणि स्वाती संपता संपता किंवा विशाखात (नोव्हेंबर) पेरलेला माल. दोन्ही चाळून, काडीकचरा काढून घाण्यात टाकले तरी उशिराच्या मालाचा उतारा (निघणारं तेल) चांगलाच खाली येतो आणि पेंड जास्त पडते. शेतकरी म्हणतो घाणेवाल्यानं तेल मारलं, घाणेवाला म्हणतो माल हलका आहे. हलका म्हणजे नक्की काय कमी झालेलं असतं? आणि घाण्यात टाकायच्या आधी, पोतं उघडल्यावरच ते ओळखता येईल का?

करडईपासून सुरुवात करू. उन्हाळी शेंगा (भुईमूग) आणि सूर्यफुलाचंही कुणाला माहीत असेल तर लिहा.

भेगाळ_रान | सोमवार, रात्री १०:२५

करडईच्या दाण्यात आधी टरफल तयार होतं, आतला मगज नंतर भरतो. टरफल ही पिशवी, मगज हा माल. फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पिशवी शिवून होते आणि पुढचे तीन-चार आठवडे ती भरत राहते. कडक ऊन पडतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या टप्प्यात. त्यामुळे पिशवी जवळपास तेवढीच राहते, आत भर कमी पडते. तेल सगळं मगजात असतं, टरफलात नावालाच. म्हणून तेलाचा टक्का पडतो तो मुख्यतः टरफलाचा वाटा वाढल्यामुळे. मगजातलं तेल कमी होतं, पण थोडं.

आकडे मांडून दाखवतो. हे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रयोगशाळेतले नाहीत.

चांगला माल : १०० दाणे ५ ग्रॅम. टरफल २.२, मगज २.८. मगजात तेल ५५ टक्के धरलं तर १.५४ ग्रॅम, म्हणजे दाण्याच्या वजनावर ३०.८ टक्के.

उन्हात सापडलेला माल : १०० दाणे ४ ग्रॅम. टरफल २.१, मगज १.९. मगजात तेल ५२ टक्के धरलं तर ०.९९ ग्रॅम, म्हणजे २४.७ टक्के.

टरफलाचं वजन जेमतेम ०.१ ग्रॅमनं हललं, मगज मात्र तिसरा हिस्सा गेला.

आता घाण्याची गंमत बघा. पेंडीत काही तेल राहतंच. ते १० टक्के धरा. १०० किलो चांगल्या मालातून २३.१ किलो तेल निघेल, हलक्या मालातून १६.३ किलो. दाण्यातलं तेल २० टक्क्यांनी घटलं होतं, उतारा घटला २९ टक्क्यांनी. कारण पेंड जास्त पडली आणि जास्तीच्या पेंडीनं आपल्या वाट्याचं तेल पिऊन घेतलं. घाणेवाल्यानं काही मारलेलं नसलं तरी हिशोब असाच दिसतो.

पाभर | सोमवार, रात्री १०:५०

भेगाळ_रान यांच्या हिशोबाला +१. तारखांची बाजू मी मांडतो.

सोलापूरची सरासरी कमाल जानेवारीत ३१ च्या आसपास, फेब्रुवारीत ३४, मार्चमध्ये ३७, एप्रिलमध्ये ४०. करडईला फुलोऱ्यात दिवसा २४ ते ३२ अंश मानवतं. पेरणीपासून फुलोऱ्याला ८० ते ८५ दिवस, पुढे दाणा भरायला महिना-सव्वा महिना. उलटं मोजत या.

२० सप्टेंबरचा पेरा (उत्तरा) : फुलोरा डिसेंबरच्या मध्याला, दाणा जानेवारीच्या मध्यापर्यंत भरून मोकळा.
१० ऑक्टोबरचा पेरा (हस्त सरता) : फुलोरा जानेवारीच्या सुरुवातीला, दाणा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास.
१५ नोव्हेंबरचा पेरा (विशाखा) : फुलोरा फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, दाणा भरतो मार्चच्या ३७ अंशांत.

आणखी एक. उन्हानं फक्त दाणा सुकत नाही, दाणा भरायचे दिवसच कमी होतात. पीक उष्णतेचा हिशोब ठेवतं, कॅलेंडरचा नाही. रोजची उष्णता जास्त मिळाली की ३५ दिवसांचं काम २६-२७ दिवसांत आटोपतं आणि झाड पिवळं पडतं. रोज थोडं जास्त भरलं तरी गेलेले आठ दिवस भरून निघत नाहीत. त्यात रात्रीही उबदार झाल्या की दिवसा केलेल्या कमाईतलं बरंचसं रात्री श्वसनात जळतं. मार्चमध्ये किमान तापमान २० च्या वर जातं तेव्हा हा खर्च वाढलेला असतो.

सीनाकाठ | मंगळवार, सकाळी ६:३५

थोडा विरोध नोंदवतो, राग मानू नका. आपल्याकडे उन्हाच्या नावावर जे खपवलं जातं त्यातलं निम्मं ओलीचं असतं. करडईचं सोटमूळ खोल जातं, पण खाली ओल असेल तर. विशाखात पेरलेल्या करडईला वरच्या थरात उगवण्यापुरती ओल मिळते आणि मूळ खाली पोचेपर्यंत रान उकललेलं असतं. त्यात उशिराच्या पिकावर मावा हमखास. मावा कोवळ्या शेंड्यातून रस ओढतो, वर काळी बुरशी चढते, पान काम करत नाही. मग दाणा हलका पडला तर दोष कुणाला द्यायचा? ऊन, कोरड आणि मावा तिघेही एकाच महिन्यात येतात. तारीख बदलली की तिन्ही बदलतात, म्हणून 'तारखेमुळे फरक पडला' इतकंच खात्रीनं म्हणता येतं.

भेगाळ_रान | मंगळवार, सकाळी ७:५०

सीनाकाठ अण्णा, मुद्दा रास्त आहे. पण तिघांना वेगळं करता येतं. झाडच सांगतं, फक्त मोजायला हवं.

उत्पन्न तीन गोष्टींवर ठरतं आणि त्या तीन वेगवेगळ्या वेळी ठरतात. झाडाला बोंडं किती, हे फांद्या फुटताना ठरतं. बोंडात दाणे किती, हे फुलोऱ्याच्या आगेमागे. दाण्याचं वजन किती, हे त्यानंतर. म्हणून काढणीच्या आधी रानात पाच ठिकाणी एकेक मीटर ओळ धरा (कडेच्या दोन ओळी सोडून) आणि तिन्ही मोजा.

बोंडंच कमी, पण असलेल्या बोंडांत दाणे भरलेले : झाडाला सुरुवातीलाच ओल कमी पडली, किंवा विरळणी न केल्यानं दाटी झाली. ऊन निर्दोष.

बोंडं भरपूर, बोंडात दाण्यांची संख्या कमी, बऱ्याच जागा रिकाम्या : फुलोऱ्यात फटका. ऊन असू शकतं, ढगाळ-धुक्याचं वातावरण असू शकतं, मधमाश्या नसणं असू शकतं.

बोंडं आणि दाणे दोन्ही ठीक, दाणा बारीक आणि टरफल जाड : दाणा भरताना ऊन किंवा कोरड. या दोघांना वेगळं करायला पहाटे रानात जा. पहाटेही पानं मरगळलेली असतील तर मुळाला पाणी नाही. पहाटे ताजी आणि दुपारी मरगळलेली असतील तर पाणी आहे, ऊन भारी पडतंय. माव्याची खूण तर पानावरच चिकटून असते, चकाकी आणि काळपट थर.

मुख्य खोडाचं आणि फांद्यांवरची बोंडंही वेगळी तपासा. मुख्य खोडाचं बोंड सगळ्यात आधी फुलतं, फांद्यांची नंतर. मुख्य बोंडातला दाणा टपोरा आणि फांद्यांवरचा चिपाड असेल तर पहिला हप्ता थंडीत भरला आणि बाकीचे उन्हात सापडले. एकाच झाडावर दोन पेरण्या बघितल्यासारखं आहे हे.

सीनाकाठ | मंगळवार, सकाळी ८:१५

पहाटेची खूण मान्य. पण मग उपायही ओलीचाच निघतो की ओ.

कोरडवाहूत दोन-तीन कोळपण्या (ओळींमधली वरची माती हलवणं), त्यातली शेवटची बारीक भेगा दिसू लागल्या की लगेच. भेग म्हणजे जमिनीला पडलेली उघडी खिडकी, खोल थरातली ओल तिथून उडते. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हणतात ते यासाठी. पाणी असेल तर एखादं संरक्षित पाणी ५५ ते ६० दिवसांनी, भेगा मोठ्या होण्याआधी आणि हलकं. भेगा पडल्यावर काळ्या रानात पाट सोडला तर पाणी भेगेतून खाली जातं, सरी पुढं सरकत नाही, आणि जिथं साचतं तिथं करडई मर लागून बसते. करडईला तहान चालते, पाय ओले राहिलेले चालत नाहीत. 'ऊन वाढलंय, पाणी द्या' या सल्ल्यानं रान बसवलेली उदाहरणं कमी नाहीत.

घाण्याची_लाट | मंगळवार, दुपारी १:०५

पोतं उघडल्यावर ओळखायची रीत राहिलीच.

भेगाळ_रान | मंगळवार, दुपारी २:३०

०.०१ ग्रॅमचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, सोनाराकडे असतो तसला. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून नमुना काढून मिसळा. न निवडता, हाताला येतील तसे १०० दाणे मोजा, वजन करा. असं तीनदा करून सरासरी काढा. टपोरे दाणे वेचण्याचा मोह होतो, तिथंच चूक होते.

मग त्यातले ५० दाणे पांढऱ्या कागदावर घेऊन पकडीनं एकेक हलका दाबून फोडा. टरफल एकीकडे, मगज एकीकडे. भिजवून सोलू नका, वजन बिघडतं. पकड जोरात दाबली तर मगज चिरडून तेल टरफलाला लागतं, म्हणून टरफल चरकलं की थांबायचं. दोन्हीचं वजन करा. मगज निम्म्याहून ठळक जास्त असेल तर माल ठीक. टरफलानं निम्म्याच्या पुढे मजल मारली असेल तर उतारा पडणारच, आणि तसं गिऱ्हाइकाला तिथल्या तिथं कागदावरच दाखवता येतं. तुलना मात्र एकाच वाणाच्या मालाशी करा. पातळ टरफलाच्या आणि जाड टरफलाच्या वाणांचे आकडे एकमेकांना लावले तर भलताच निष्कर्ष निघतो.

कुसुंबी | मंगळवार, संध्याकाळी ५:४५

प्रमाणाबरोबर तेलाची जातही बदलते, त्याबद्दल.

दाण्यात तेल तयार होताना आधी ओलिक आम्ल बनतं, मग एक विकर (एन्झाइम) त्यातल्या बऱ्याच भागाचं लिनोलिक करतं. हे विकर उन्हात मंद पडतं. त्यामुळे दाणा गरम हवेत भरला की ओलिकचा वाटा वाढतो, लिनोलिकचा घटतो. सूर्यफुलात हा फरक ठळक दिसतो आणि तिथं दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीचं किमान तापमान जास्त बोलतं. थंडीत भरलेलं सूर्यफूल आणि उन्हाळ्यात भरलेलं सूर्यफूल यांचं तेल एकाच संकरित वाणाचं असलं तरी सारखं नसतं. भुईमुगातही दिशा तीच. जवसात लिनोलेनिक घटतं. नेहमीच्या करडईत मात्र लिनोलिक सत्तरीच्या वर असतं आणि ते बरंचसं वाणावर ठरलेलं असतं, हवेनं फारसं हलत नाही.

म्हणजे 'उन्हात तेल खराब होतं' हे सरसकट खरं नाही. ओलिक वाढलेलं तेल उलट जास्त टिकतं, लवकर खवट होत नाही. खवटपणा येतो तो दुसऱ्या वाटेनं. उन्हानं घाईत पिकलेला दाणा अपुरा पक्व असतो, त्यात मोकळी आम्लं जास्त राहतात. त्याचं टरफल चिरतं, मगजाला हवा लागते.

सोयाबीनमध्ये याचं आणखी एक रूप दिसतं. दाणा भरताना ऊन आणि कोरड एकदम आली तर झाड दाण्यातलं हरितद्रव्य मोडायच्या आधीच वाळतं. दाणे हिरवे राहतात आणि काढणीनंतर कितीही वाळवले तरी तो हिरवेपणा जात नाही. हरितद्रव्य तेलात उतरतं, आणि असं तेल उजेडात ठेवलं की झपाट्यानं बिघडतं. बार्शीकडच्या हलक्या रानात ऑक्टोबरच्या उन्हात हे होऊ शकतं. हिरवा दाणा चाळणीनं निघत नाही, हातानंच निवडावा लागतो.

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ८:२०

कुसुंबीताई, मग सोलापुरी चटणीसाठी उन्हाळी शेंगा चांगल्या म्हणायच्या का? ओलिक जास्त, टिकाऊपणा जास्त?

कुसुंबी | मंगळवार, रात्री ८:४०

तेलाच्या घडणीपुरतं बघितलं तर हो. पण चटणीला शेंगदाणा अख्खा, लाल पापुद्र्यासकट शाबूत आणि नीट भरलेला लागतो. उन्हाळी मालात सुरकुतलेला दाणा जास्त निघाला तर भाजताना तो आधी करपतो, भरलेला कच्चा राहतो, आणि कांडल्यावर कडवट झाक येते. भाजण्याआधी जाळीवर चाळून बारीक दाणा वेगळा करा आणि वेगळा भाजा. टिकाऊपणाच हवा असेल तर गिरनार-४ आणि गिरनार-५ हे जास्त ओलिकचे वाण आहेत. त्यांच्यात ओलिक ८० टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते उन्हाच्या कृपेवर अवलंबून नाही.

शेंगांचं बाकी वाफसा दादा सांगतील.

वाफसा | बुधवार, सकाळी ६:१०

सांगतो, थोडं लांबेल.

भुईमुगाचं फूल पहाटे उमलतं आणि परागीभवनही पहाटेच उरकतं. त्यामुळे दुपारचं ४१ अंश फुलाला वाटतं तेवढं मारत नाही. मारतं ते सकाळचं ऊन. शिवाय पराग तयार होतो तो फूल उमलायच्या तीन ते सहा दिवस आधी, कळीत. कळीचं तापमान ३३-३४ च्या वर जाऊ लागलं की फुलातून आरी (मातीत शिरून जिच्या टोकाला शेंग धरते तो दांडा) सुटण्याचं प्रमाण उतरत जातं. म्हणजे आज रानात पिवळं फूल भरपूर दिसलं तरी त्यातून शेंग होणार की नाही हे गेल्या आठवड्यात ठरून गेलेलं असतं. फुलं मोजून समाधान मानू नका, आऱ्या मोजा.

दुसरा टप्पा जमिनीतला. आरी मातीत शिरते आणि शेंग वरच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये वाढते. एप्रिलमध्ये उघड्या काळ्या मातीचा हा थर हवेपेक्षा जास्त तापतो. कोरड्या, कडक मातीत आरी टोचतच नाही, टोकाला करपते. टोचलीच तर शेंग चुना (कॅल्शियम) मुळातून घेत नाही, स्वतःच्या सालीतून, भोवतीच्या ओल्या मातीतून घेते. ती माती कोरडी झाली की शेंग पोकळ राहते किंवा दाण्याचा अंकुर आतून काळा पडतो.

इथं सोलापुरात नेहमी होणारी गफलत सांगतो. पोकळ शेंगा दिसल्या की जिप्सम टाका, असा सल्ला मिळतो. आपली रानं चुनखडीची, चुन्याला तोटा नाही. कमी आहे ती त्या वरच्या थरातली ओल. जिप्सम गंधकासाठी टाका जरूर, आऱ्या सुटताना हेक्टरी २०० किलो ओळीलगत. पण त्यानंतर हलकं पाणी नसेल तर ते पांढरं पीठ तसंच पडून राहतं.

व्यवस्था अशी ठेवा :

पेरणी १५ जानेवारी ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. रात्र गार असेपर्यंत, म्हणजे माती १८ अंशांच्या खाली असेपर्यंत घाई नको, उगवण रखडते आणि बी कुजतं. फेब्रुवारीअखेर पेरलं तर शेंगा मेच्या उन्हात भरतात आणि काढणी जूनच्या पावसात जाते. टीएजी-२४ किंवा एसबी-११ सारख्या उपट्या (उभट वाढणाऱ्या) वाणांना सुप्तावस्था जवळजवळ नसते, ओल मिळाली की शेंग जमिनीतच मोड काढते.

अंतर ३० बाय १० सेंटिमीटर, नांग्या (न उगवलेल्या जागा) भरून घ्या. झाडांनी जमीन झाकली की तापमान आपोआप उतरतं. विरळ रानातलं मधलं उघडं टक्कल सगळ्यात जास्त तापतं.

पाणी तुषार सिंचनानं, संध्याकाळी किंवा रात्री. फुलोरा सुरू असताना पहाटे तुषार चालवू नका, उमललेल्या फुलावर पाणी पडतं. मध्यम जमिनीत एप्रिल-मेमध्ये सहा-सात दिवसांनी, भारीत आठ-दहा दिवसांनी. शेंगा भरताना पाळी लांबवू नका.

आऱ्या सुटायला लागल्यावर कोळपं बंद. उन्हानं राखलेल्या आऱ्या कोळप्यानं तोडायच्या, याला काय म्हणायचं!

पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या तर तो उन्हाचा नाही, चुनखडीतल्या लोहाचा प्रश्न. फेरस सल्फेट ०.५ टक्के, त्यात थोडं सायट्रिक आम्ल, संध्याकाळी फवारा.

पाभर | बुधवार, सकाळी ७:३०

दादा, आच्छादनाचं लिहिलं नाहीत. आणि ते केओलिन (पांढरी माती), पोटॅशियम नायट्रेट वगैरेंच्या फवारण्या?

वाफसा | बुधवार, सकाळी ८:०५

आच्छादन उत्तम, पण कशाचं करणार? ज्वारीचा कडबा सोलापुरात कुणी रानात पसरणार नाही, जनावराच्या तोंडचा घास आहे तो. उसाचं पाचट मिळत असेल तर उगवणीनंतर दोन ओळींमध्ये पातळ पसरा आणि आऱ्या सुटायच्या आधी ओळीपासून बाजूला सारा. जाड थरावर आरी अडकते.

केओलिन ५ ते ६ टक्के, म्हणजे लिटरला ५० ते ६० ग्रॅम. पानावर पांढरी झाक येते, ऊन परतवलं जातं. कापडानं गाळून घ्या, नाहीतर नोझल बंद पडतं. सतत ढवळत राहावं लागतं. तुषार चालवला की धुऊन जातं, म्हणून ठिबकवाल्यांनाच खरा उपयोग.

१३:००:४५ (हेच पोटॅशियम नायट्रेट) एक टक्का, लिटरला १० ग्रॅम, फुलोऱ्यात एकदा आणि शेंगा भरताना एकदा. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी मारलं तर पाणी उडून मीठ पानावर साचतं आणि कडा करपतात. मुळाशी ओल नसेल तर कुठलीही फवारणी म्हणजे पैशाचा धूर. 'उष्णता टॉनिक' म्हणून रंगीत बाटल्या येतात, त्यांच्या लेबलवर घटक आणि प्रमाण लिहिलेलं नसेल तर घेऊच नका.

पाभर | बुधवार, दुपारी १२:४०

सूर्यफुलाचं मी लिहितो, कारण त्यात ऊन वाचायला सगळ्यात सोपं जातं.

सूर्यफुलाचं कणीस कडेकडून आत फुलत जातं, रोज दोन-तीन कडी, आठ-दहा दिवसांत मध्यापर्यंत. म्हणजे कणीस ही त्या दहा दिवसांची डायरी आहे. काढणीच्या वेळी कणीस आडवं धरून कडेपासून मध्याकडे बोट फिरवा. कडेला भरलेले दाणे, मग दोन-तीन कड्यांचा पोचट पट्टा, मग पुन्हा भरलेले, असं असेल तर त्या एखाद्या दिवसात काहीतरी घडलं : उन्हाची तिरीप, ढग, किंवा सकाळी मारलेलं कीटकनाशक ज्यानं माश्या हाकलल्या. उलट फक्त मधला गोल पोचट असेल तर परागीभवन झालं होतं, भरायला पुरलं नाही. पाणी, बोरॉन किंवा शेवटच्या टप्प्यातलं ऊन.

३८ अंशांच्या वर पराग निकामी होऊ लागतो आणि मधमाश्याही दहा-अकरानंतर फिरकत नाहीत. म्हणून उन्हाळी सूर्यफूल जानेवारीच्या मध्यापर्यंत पेरून मोकळं व्हावं, फुलोरा मार्चच्या मध्याला येतो. फेब्रुवारीत पेरलेलं एप्रिलमध्ये फुलतं, तेव्हा वेळ गेलेली असते.

हातानं परागीभवन : सकाळी ८ ते ११, तळहाताला मऊ मलमलीचं फडकं गुंडाळून कणसाच्या तोंडावरून हलकेच गोल फिरवायचं, एक दिवसाआड, फुलोऱ्यात तीन-चार वेळा. रगडायचं नाही. बाहेरची पिवळी पाकळी उमलताना बोरॅक्स लिटरला २ ग्रॅम, आधी कोमट पाण्यात विरघळवून, मग टाकीत. गार पाण्यात थेट टाकलं तर तळाशी बसतं आणि शेवटच्या पंपाला जास्त जातं. मधमाश्यांच्या पेट्या मिळाल्या तर हेक्टरी पाच, आणि पेटीजवळ पाण्याचं भांडं. उन्हात माश्यांचं अर्धं काम पाणी वाहून पेटी थंड ठेवण्यात जातं.

शेंगाचटणी | बुधवार, दुपारी ३:१५

अफलाटॉक्सिनचा (शेंगदाण्यातल्या बुरशीच्या विषाचा) उन्हाशी संबंध आहे का? व्यापारी हल्ली विचारतात.

वाफसा | बुधवार, संध्याकाळी ६:५०

आहे, थेट आहे. काढणीआधीच्या तीन-चार आठवड्यांत पाणी तोडलं आणि माती तापलेली राहिली की शेंगेची स्वतःची प्रतिकारशक्ती ढासळते. दाण्यातली ओल घटत ३० टक्क्यांच्या खाली येते आणि नेमकी हीच अवस्था अस्परजिलस बुरशीला मानवते. म्हणून 'शेवटी पाणी तोडलं की शेंगा लवकर पिकतात' ही युक्ती महागात जाते. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला एकूण अफलाटॉक्सिनची मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे, आपल्याकडे पुढे प्रक्रियेला जाणाऱ्या मालाला १५. बुरशी लागलेला एखादा दाणाही नमुना नापास करू शकतो.

काढल्यावर शेंगा वर आणि पाला खाली असे वेल उलटे करून लावा, हवा खेळू द्या. तापलेल्या सिमेंटच्या खळ्यावर पातळ पसरल्या तर वरून वाळतात, आत ओल राहते, पापुद्रा सुटतो, आणि बियाण्यासाठी तर त्या गेल्याच. दाण्यातली ओल ७-८ टक्क्यांवर आणा. मूठभर शेंगा कानाजवळ हलवून खुळखुळ स्पष्ट आली पाहिजे, आणि दाणा दोन बोटांत मोडल्यावर वाकता कामा नये, तुटला पाहिजे.

एक वाईट सवय : शेंगा फोडायच्या यंत्रात दाणा तुटू नये म्हणून शेंगांवर पाणी शिंपडतात. तुटफूट कमी होते खरी, पण तो ओला दाणा पोत्यात गरम राहतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. यंत्राची जाळी शेंगेच्या आकाराची लावा आणि वेग कमी करा, पाणी नको. भाजून हे विष पूर्ण जात नाही. पेंड जनावराला घातली तर दुधात उतरतं. घाण्याचं गाळीव तेल शुद्धीकरणातून जात नाही, त्यामुळे काळवंडलेला, सुरकुतलेला दाणा घाण्यात टाकूच नये.

घाण्याची_लाट | बुधवार, रात्री ९:१०

शेंगा फोडण्याआधी पाणी नको, हे पटलं. पण करडईला घाण्यात पाणी लागतंच. मार्चमधला माल इतका कोरडा असतो की घाण्यात पीठ होतं, गोळा धरत नाही.

भेगाळ_रान | बुधवार, रात्री ९:३५

ते पाणी वेगळं, कारण माल लगेच घाण्यात जाणार असतो. उन्हाळ्यात बी चार-पाच टक्के ओलीपर्यंत वाळतं. आदल्या रात्री १०० किलोला दोन लिटर पाणी झारीनं शिंपडून फावड्यानं तीनदा उलटापालट करा, पोत्यांनी झाकून ठेवा. ओल दोनेक टक्क्यांनी वाढते आणि रात्रभरात टरफलातून मगजापर्यंत सारखी होते. सकाळी ऐन वेळी ओतलेलं पाणी टरफलावरच राहतं, तेल फेसाळ उतरतं आणि नंतर गढूळ राहतं. जेवढं घाण्यात जाणार तेवढंच भिजवायचं, उरलेलं पोत्यात परत भरायचं नाही.

हलक्या मालाला मात्र दोनऐवजी दीड लिटरच घ्या. टरफल जास्त, ते पाणी धरून ठेवतं आणि पेंड चिकट होते.

सीनाकाठ | गुरुवार, सकाळी ६:२०

आणि घाण्यात टाकण्याआधी ते ५० दाणे फोडून बघायचे ते कोरड्या मालातलेच बरं का, पाणी मारलेल्या नाही. नाहीतर शेतकरी आणि घाणेवाला यांचा वाद परत पहिल्या प्रश्नावर.

घाण्याची_लाट | गुरुवार, सकाळी ७:००

काटा आणि पकड घाण्याशेजारीच ठेवतो. भीमाच्या लवकरच्या आणि उशिराच्या पेऱ्याचे नमुने वेगळ्या पुड्यांत बांधून, पुडीवर पेरणीचं नक्षत्र लिहून ठेवायला सांगतो.